चाक उचलून बघायचं राहून गेलं

आई,

तुझी गाडी आता माझ्याकडे जालन्यात असते. मी रोज तिच्यातून शाळेत शिकवायला जाते. तू गेल्यावर दादाने आणि मी ती विकून टाकायचं ठरवलं होतं. तो पुण्यात, मी जालन्यात, आणि गाडी गावात लिंबाखाली, पत्र्याच्या आडोशाला धूळ खात उभी. तिच्यात तुझा जीव किती होता हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी ठरवलं. विकली मात्र नाही. का विकली नाही ते सांगायला बसले आहे. आणि ते सांगायचं तर तू भाकरी थापता थापता गाडी सरळ चालत नाही म्हणालीस, त्या रविवारपासून सुरुवात करावी लागेल.

मी सकाळच्या एसटीने आले होते. तू ओट्याशी उभी आहेस, मनगटापर्यंत ज्वारीचं पीठ, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून शेंगा सोलते आहे. तू मागे न बघता म्हणतेस, "गाडी सरळ चालून न्हाई राह्यली माय. साठच्या पुढं गेलं की स्टेअरिंग हातात थरथरतं. जरा डावीकडं जाती, जरा उजवीकडं. शेरडू कसं रस्त्यानं हुंगत हुंगत चालतं, तसं." मी हसले. तू हसली नाहीस. "आन् वळणावरून आलं की पहिला ब्रेक खाली जातो. दुसऱ्यांदा दाबला की मंग बराबर लागतो. पुढचं चाक ढिलं झालंय कुठंतरी." एवढं सांगून तू भाकरी उचललीस आणि तव्यावर टाकलीस. टाकताना तुझी बोटं किंचित थरथरली आणि भाकरीची कड दुमडली. मी गाडीबद्दलचं ऐकत होते असं तुला वाटलं असेल. मी तुझ्या बोटांकडे बघत होते. त्या दुमडलेल्या कडेपाशी माझ्यापुरता सगळा निकाल लागून गेला होता. आईचे हात थरथरायला लागले, आता गाडी बंद करायला हवी.

खरं तर गाडीतलं आमच्या घरात तुझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. उपकेंद्रात नर्स म्हणून लागलीस तेव्हा तू पायी फिरायचीस, मग लुना आली. चाळिशी उलटल्यावर एका पावसाळ्यात लुना चिखलात रुतून बसली, तू बाळंतिणीपर्यंत वेळेवर पोचली नाहीस, आणि त्यानंतर आरोग्य केंद्राच्या जीपच्या ड्रायव्हरकाकांना जाऊन म्हणालीस, मला शिकवा. ते धनगराच्या घरातले, कमी बोलणारे. बाईमाणसाला जीप शिकवायची म्हणून गावात लोक त्यांना हसले, पण त्यांनी शिकवली, आणि नुसती चालवायला नाही. टायर बदलणं, पाणी-तेल बघणं, आणि पुढचं चाक जॅकवर उचलून हाताने हलवून बघणं. तू त्यांचं बोलणं आम्हाला सांगायचीस: "हाताला शंका आली की आधी चाक उचलून बघायचं, नर्सबाई. उभं हलवायचं, आडवं हलवायचं. चाक खोटं बोलत न्हाई." मी तेव्हा नववीत असेन. तू जीपच्या पुढच्या चाकाशी साडी खोचून बसलेली आहेस आणि दोन्ही हातांनी चाक हलवते आहेस, हे मला आत्ताही दिसतं. शाळेतल्या मैत्रिणींनी बघितलं तर काय म्हणतील या विचाराने मी त्या रस्त्याने न जाता मागच्या बोळातून घरी गेले होते.

मला तूच शिकवलंस. निवृत्त झाल्यावर तू ही पांढरी गाडी घेतलीस, जुनीच, पण नीट ठेवलेली, आणि मी सुट्टीला आले की मला कॅनॉलच्या रस्त्यावर नेऊन चालवायला लावायचीस. मी जीव मुठीत धरून स्टेअरिंग आवळायची. तू माझ्या हातावर फटका मारलास. सव्वीस वर्षांच्या, नोकरीवाल्या, लग्न झालेल्या बाईच्या हातावर. "आवळू नको. ढिल्या हातानं धर. गाडी काय सांगती ते हाताला कळू दे की." मला राग आला होता. मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, मला नाही शिकायचं. तू दार उघडून खाली उतरलीस, कॅनॉलच्या कठड्यावर बसलीस आणि म्हणालीस, "मंग ने गाडी घरी. मी चालत येते." मी एकटीने ती गाडी घरापर्यंत नेली. पहिल्यांदा एकटीने. तू मागून पाऊण तासाने आलीस, तोंड घामाने लाल, आणि आल्या आल्या चहा ठेवलास.

तर त्या रविवारनंतर तीनेक आठवड्यांनी, ऊस तोडणीच्या दिवसांत, ते वाटूरचं झालं. तू परतूरहून एकटी जालन्याला, माझ्याकडेच यायला निघाली होतीस. वाटूर फाट्याच्या अलीकडे वळण आहे, तिथे उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक चालल्या होत्या. मागच्या ट्रॉलीने एकदम ब्रेक मारला. तुझा पहिला ब्रेक खाली गेला. दुसरा लागला तेव्हा ट्रॉली समोर आली होती, म्हणून तू गाडी डावीकडे काढलीस. ती रस्त्याखाली उतरून काटेरी झुडपात थांबली. तुला खरचटलंही नाही. लोक जमले, त्यांनी गाडी ढकलून वर काढून दिली. तू मला फोन केलास, आणि तुझा आवाज नेहमीसारखा होता. "काही झालं न्हाई. तू ये मात्र. मला गाडी दाखवायचीये. तू संगं असलीस म्हंजे बरं."

तू संगं असलीस म्हंजे बरं. हे वाक्य मी त्या वेळी नीट ऐकलं नाही. तुला आधार हवा आहे, घाबरली आहेस, असं मला वाटलं. आता कळतं, तुला साक्षीदार हवा होता. गॅरेजवाला एकट्या म्हाताऱ्या बाईचं ऐकणार नाही हे तुला माहीत होतं, आणि मी तुझ्या बाजूने बोलेन असं तू धरून चालली होतीस.

मी शाळेतून अर्धा दिवस सुट्टी काढून आले. फाट्यावरच्या गॅरेजसमोर तू प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होतीस, मांडीवर पर्स. गॅरेजवाला पस्तिशीचा, हुशार दिसणारा. तू त्याला सगळं पुन्हा सांगितलंस. साठच्या पुढे थरथर, हुंगत चालणं, पहिला ब्रेक. "जरा पुढून उचलून चाकं हलवून बघ रे बाबा," म्हणालीस. त्याने मान डोलावली, बॉनेट उघडलं, ब्रेकचं ऑइल बघितलं, थोडं टाकलं, आणि गाडी घेऊन परतूरच्या अंगाला एक चक्कर मारून आला. रस्त्यावर एवढ्या ट्रॉल्या होत्या की तो तीस-चाळीसच्या वर गेलाच नसणार. उतरून तो माझ्याशी बोलला. तुझ्याशी नाही.

"गाडी एकदम ओके आहे मॅडम. काहीच प्रॉब्लेम न्हाई." मग जरा हसून, आवाज न उतरवता, "मावशीचं वय झालं आता. हात ढिले पडतात या वयात. आता ड्रायव्हर ठेवा, नायतर गाडी काढून टाका."

तू माझ्याकडे बघितलंस. चिडून नाही. उपकेंद्रात एखाद्या बाळंतिणीच्या सासूकडे तू बघायचीस तसं, आता तुम्ही बोला, अशा नजरेने. मी काय बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "आई, तो रोज गाड्याच बघतो. त्याला कळत असेलच ना."

तू पर्स उचललीस आणि मागच्या सीटवर जाऊन बसलीस. पुढे माझ्या शेजारी नाही, मागे.

दादाशी फोनवर बोलणं झालं. तो म्हणाला, एकदा मोठ्या ठिकाणी दाखवून टाक, म्हणजे तिच्याही मनाचं समाधान होईल. समाधान तुझ्या मनाचं करायचं होतं, गाडी तपासायची नव्हती. दोन्हीत किती फरक आहे हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. पुढच्या शनिवारी मी गाडी जालन्यातल्या एका मोठ्या टायरच्या दुकानात नेली. तू घरी माझ्या सोसायटीत थांबलीस. दुकानातल्या माणसाने चारी चाकांना मशीन लावलं, पडद्यावर आकडे आले, तांबडे होते ते त्याने खालून फिरवून हिरवे केले, आणि कागद छापून दिला. चाकं काढून बॅलन्सिंगही केलं. "एकदम सरळ चालंल आता मॅडम." मी तो कागद तुझ्यापुढे ठेवला. तू चष्मा लावून पूर्ण वाचलास, इंग्रजी शब्दांसकट. मग विचारलंस, "चाक उचलून हलवून बघितलं का त्यानं?"

"आता मशीन असतं आई. तसं बघायची गरज नसते."

"बरं," म्हणालीस तू. कागदाची घडी घातलीस आणि पर्समध्ये ठेवलीस.

दुसऱ्या दिवशी मी तुला गावी सोडायला आले. गाडी मी चालवली. घरी पोचल्यावर गाडी लिंबाखाली लावली आणि किल्ली तुझ्या हातात न देता माझ्या पर्समध्ये टाकली. म्हणाले, "काही दिवस राहू दे माझ्याकडे. डॉक्टरांना एकदा तुझे हात दाखवू, मग बघू." तू भांडली असतीस तर मी किल्ली परत दिली असती, अशी मी माझी समजूत घालते. पण तू का भांडली नाहीस ते मला ठाऊक आहे. भांडली असतीस तर आवाज चढला असता, हात थरथरले असते, आणि आम्ही म्हणालो असतो, बघ. मी संध्याकाळच्या एसटीने परत निघाले. तू फाटकापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "नीट जा."

डॉक्टर म्हणाले, वयाने थोडं होतं, काळजीचं काही नाही. गाडीचं त्यांना आम्ही विचारलं नाही. किल्ली माझ्याकडेच राहिली. एक महिना, सहा महिने. शेजारची काकू सांगायची, नर्सबाई दर सोमवारी गाडी पुसतात, लॉक नसलेलं दार उघडून आतूनसुद्धा पुसतात. मला ते ऐकून बरं वाटायचं. तुझा वेळ जातो आहे असं वाटायचं.

आष्टीच्या बारशाचं मात्र मला आत्ता, लिहितानाही, सरळ आठवता येत नाही. ज्या मुलाच्या वेळचं बाळंतपण तू कंदिलाच्या उजेडात केलं होतंस, त्याला मुलगी झाली होती. त्याच्या आईने तुला स्वतः येऊन बोलावणं केलं. नर्सबाई आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं म्हणून गेली. तू मला फोन केलास, "येशील का गुरुवारी? मला आष्टीला सोडशील?" मी म्हणाले, बघते. बुधवारी म्हणाले, शाळेत तपासणी आहे, जमणार नाही, रिक्षाने जा ना. रिक्षा परतूरला मिळते, तुझ्या दारात नाही, हे मला माहीत होतं. शुक्रवारी मी फोन केला तर तू म्हणालीस, "न्हाई गेले. ऊन लई होतं." माघ महिना होता आई. मी बरं म्हणून फोन ठेवला. तू गेल्यावर कपाट आवरताना हिरव्या छिटाची एक कुंची सापडली, जरीची कड लावलेली, इस्त्री करून, कागदात गुंडाळलेली. एवढ्या बारीक टाक्यांची. त्या टाक्यांकडे मी खूप वेळ बघत बसले होते. थरथरणाऱ्या हातांचे टाके असे येतात का, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. तिथेही पडला नाही. मला फक्त रडू आलं.

किल्ली घेतल्यानंतर दीड वर्षाने तू गेलीस. न्यूमोनियाने, चार दिवसांत. गाडीचा त्यात काही संबंध नाही, असं सगळे म्हणतील, आणि डॉक्टरी हिशेबाने ते खरंच आहे. पण शेवटचं वर्षभर तू घराबाहेर किती वेळा पडलीस ते मी मोजायला लागले की दोन्ही हातांची बोटंसुद्धा लागत नाहीत.

वर्षश्राद्ध झाल्यावर दादा म्हणाला, गाडी तू जालन्याला ने, तिथे गिऱ्हाईक मिळेल. मी नवी बॅटरी टाकली, हवा भरली, आणि सकाळी नऊच्या सुमाराला एकटी निघाले. परतूरपर्यंत गाडी बरी चालली. वाटूर सोडलं, जालन्याचा मोठा रस्ता लागला, मोकळा, दोन्ही बाजूंनी मोसंबीच्या बागा, आणि मी पाय दाबला. साठच्या पुढे काटा गेला आणि स्टेअरिंग माझ्या हातात थरथरायला लागलं. आधी वाटलं, उभ्या गाडीची टायरं बसली असतील. मग गाडी डावीकडे जाऊ लागली. मी सरळ केली तर उजवीकडे. एका वळणावरून बाहेर आले, समोर शेळ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता, मी ब्रेक दाबला आणि माझा पाय खालपर्यंत गेला. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा लागला. शेळ्या हातभर अंतरावर. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, आणि तिथे बसून तुझं स्वयंपाकघरातलं बोलणं शब्द न शब्द ऐकलं.

तिथून हळूहळू पुढे गेले तर पेट्रोल पंपाच्या शेजारी एक पत्र्याचं शेड होतं. पासष्टीचे एक मिस्त्री, एकटेच, डोक्यावर विणलेली टोपी. मी म्हणाले, "स्टेअरिंग थरथरतं, गाडी सरळ चालत नाही, वळणानंतर पहिला ब्रेक खाली जातो." तुझेच शब्द, तुझ्याच क्रमाने. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. जॅक आणला, डाव्या बाजूने गाडी उचलली, चाकाच्या वर एक हात, खाली एक हात, आणि हलवलं. टक. पुन्हा हलवलं. टक. मला रस्त्यावर उभं राहून तो आवाज ऐकू येत होता.

"ताई, आत बसा. ब्रेक दाबून धरा." मी दाबला. त्यांनी हलवलं, आवाज नाही. "सोडा." टक. "बघा, ब्रेक धरला की हलणं बंद. म्हंजे बेअरिंग गेलंय. खालचा जॉइंट असता तर ब्रेक दाबूनबी हलला असता." मग उजवं चाक उचललं आणि दोन्ही बाजूंनी धरून आडवं हलवलं. तिथेही स्टेअरिंगच्या रॉडचं टोक झिजलेलं निघालं. त्यांनी मला खाली वाकून बघायला लावलं. चाक हललं तरी रॉड जागेवरच राहत होता.

मी विचारलं, "आणि ब्रेक?"

"तेबी ह्याच्यानंच. चाक तिरपं हललं की ब्रेकच्या पट्ट्या मागं ढकलल्या जातात. मंग पहिला ब्रेक खालीच जाणार ना. दुसऱ्याला लागतो. बिलकुल बराबर सांगितलं तुम्ही."

"उभी राहून राहून झालं असेल का हे? अडीच वर्षं उभीच होती."

"न्हाई न्हाई. उभ्या गाडीचं बेअरिंग गंजतं, आवाज करतं. एवढी ढिल उभ्यानं येत न्हाई. हे आधीच गेल्तं." त्यांनी हात पुसले. "चालवणाऱ्याला कळलं असंलच की. न कळायला काय झालं?"

मी सांगितलं, मशीनवर चाकं तपासून घेतली होती. ते म्हणाले, "मशीन गाडी जमिनीवर उभी ठेवून बघतं ताई. गाडीचं वजन चाकावर असतं, तवा ढिल झाकून जाती. मशीन लावायच्या आधी चाक उचलून हातानं हलवून बघायचं असतं. जल्दीत कोण बघतो." मग सहज विचारलं, "तवा तुम्ही चालवून बघितली न्हाई का?"

मी म्हणाले, "नाही."

खोटं बोलले आई. एका अनोळखी माणसाशी, ज्याला त्याने काही फरक पडणार नव्हता. त्या रविवारी तुला गावी सोडायला आले तेव्हा गाडी मीच चालवत होते, हे तुला माहीत आहे. तू शेजारी डोळे मिटून बसली होतीस. याच रस्त्यावर साठच्या पुढे गेल्यावर माझ्या तळहातांना तेच जाणवलं होतं. बारीक, पण तेच. मी तुझ्याकडे चोरून बघितलं, तुझे डोळे मिटलेले होते, आणि मी वेग कमी करून पन्नासवर आणला. थरथर थांबली. रस्ता खराब असेल, असं मी स्वतःला सांगितलं. तो रस्ता नवा, काचेसारखा. पण थरथर खरी मानली असती तर पुन्हा गाडी कुणाला तरी दाखवायची, पुन्हा सुट्टी, दादाशी पुन्हा बोलणं, आणि आपण महिनाभर चुकलो हे तुझ्यासमोर कबूल करणं. किल्ली पर्समध्ये टाकणं त्याहून सोपं होतं. तू तेव्हा खरंच झोपली होतीस की माझा हात काय करतो ते बघत होतीस, हे मला कधीच कळणार नाही. पण पन्नासपर्यंत उतरलेला वेग तुला कळला नसेल, असं मला वाटत नाही.

मिस्त्रींनी दुपारपर्यंत बेअरिंग आणि रॉडचं टोक बदललं. सामान आणायला ते स्वतःच मोटरसायकलवर वाटूरला जाऊन आले. मी शेडमध्ये बाकावर बसून होते. समोर तुझी गाडी एका बाजूने उचललेली, चाक काढलेलं. इतकं छोटं काम होतं ते. अर्ध्या दिवसाचं. तुझे हात थरथरत नव्हते असं मी आता म्हणणार नाही. थोडे थरथरत होते, मी बघितलंय. कदाचित आणखी दोन-तीन वर्षांनी खरंच गाडी सोडावी लागली असती, आणि ते तुझं तू ठरवलं असतंस, कारण बाळंतपणं बंद करायचीही तू स्वतःच ठरवली होतीस, कुणी सांगायच्या आधी. माझी भीतीही खोटी नव्हती. त्या चाकावर तू आणखी फिरली असतीस तर एखाद्या वळणावर भलतंच झालं असतं. पण त्यावर उपाय चाकाचा होता. गाडी दुरुस्त करायची सोडून मी तुला बंद केलं.

मिस्त्रींनी गाडी खाली उतरवली आणि म्हणाले, आता चालवून बघा. मी ऐंशीपर्यंत नेली. सरळ, शांत. वळणानंतर पहिल्याच दाबाला ब्रेक लागला. मी हसले असते, पण शेजारची सीट रिकामी होती. त्या दिवसापासून गाडी विकायचा विषय मी टाळत आले. गिऱ्हाईक येतं, मी भाव जास्त सांगते, ते जातं.

पुढच्या आठवड्यात मी आष्टीला जाऊन आले. ती हिरवी कुंची घेऊन. मुलगी आता अडीच वर्षांची आहे, घरभर पळते, कुंची तिच्या डोक्याला बसलीच नाही. तिच्या आजीने ती हातात घेऊन टाके बघितले आणि म्हणाली, "नर्सबाई आल्या न्हाईत म्हणून आमी रुसलो व्हतो. मंग मीच गेल्ते भेटायला. म्हणल्या, लेकीला माझी लई काळजी वाटती, तिच्या जिवाला घोर नको म्हणून म्याच गाडी सोडली." मी मान खाली घालून चहा प्यायले. तू माझी तक्रार कुणाकडेच केली नव्हतीस, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. गाडीबद्दल तुझा शब्द खरा होता, तो तू गावात कुणालाच सांगितला नाहीस, आणि माझ्यासाठी एक खोटा सांगून ठेवलास.

काल दादाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झाल्यावर तो नेहमीसारखा तुझ्यावर आला. म्हणाला, "एक मात्र बरं केलंस तू. वेळेवर किल्ली काढून घेतलीस. नाहीतर आईचं काय झालं असतं, विचार करवत नाही." हे तो दर दोन-तीन महिन्यांनी म्हणतो, आणि ते म्हणताना त्याचा आवाज भरून येतो, कारण तो लांब होता आणि तुझ्यासाठी त्याच्या वतीने कुणीतरी काहीतरी बरोबर केलं, एवढाच त्याला आधार आहे. मिस्त्रींचं, चाकाचं, त्या टक आवाजाचं त्याला काही माहीत नाही. मी त्याला सांगितलं होतं, गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली.

मी काल फोनवर म्हणाले, "हो रे."

तुला आता पत्ता नाही. त्याला आहे. ही पानं खरं तर त्यालाच टाकायला हवीत, आणि पाकीट मी आणून ठेवलंय. पण आई, ती मी टाकणार नाही. तो मला चांगली मुलगी समजतो, आणि तसं समजणारं आता दुसरं कुणी राहिलेलं नाही.